पहिल्यांदा उपास-प्रार्थना करताना: पुण्यातल्या नव्या विश्वासणाऱ्यांसाठी

पुण्यात ‘आज माझा उपास आहे’ म्हटलं की समोरचं माणूस मायेनं विचारतं, ‘मग साबुदाणा चालेल ना?’ इथं वाढलेल्या प्रत्येकाच्या डोक्यात उपास या शब्दाबरोबर एक यादी येतेच. वरई चालते, गहू चालत नाही. शेंगदाणा चालतो, हळद चालत नाही. ख्रिस्ती उपासाला अशी ठरलेली यादी नाही, आणि नव्या माणसाचा गोंधळ तिथूनच सुरू होतो. कुणी दुपारी तुपातली खिचडी आणि रताळ्याचा कीस पोटभर खाऊन उपास झाला म्हणतं. कुणी पाण्याचा थेंबही न घेता दिवसभर कळ काढतं.

मी दुसऱ्या गटातली. तेव्हा तेवीस वर्षांची होते, संगमनेरकडून नोकरीसाठी आले होते, येरवड्यात दोन मैत्रिणींबरोबर खोली घेतली होती. लेंटमधला, म्हणजे ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या उपासकाळातला शुक्रवार, एप्रिलचं ऊन, आणि आदल्या रात्रीपासून पोटात पाणीसुद्धा नाही. दुपारी कॅम्पातून स्कूटरवर परत येताना बंडगार्डनच्या पुलावर डोळ्यांपुढे अंधारी आली. गाडी कशीबशी कडेला घेतली. पुलापलीकडे एक रसवंती होती. तिथल्या काकांनी काही न विचारता पाणी दिलं, ओला रुमाल डोक्यावर ठेवायला दिला आणि सावलीत बसवलं. संध्याकाळी आमच्या पाळकीणबाईंना हे सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, ‘‘आज प्रार्थना किती वेळ केलीस गं?’’

मला उत्तर देता येईना. सकाळी घाईघाईत प्रभूची प्रार्थना, म्हणजे येशूनं शिकवलेली ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ ही प्रार्थना म्हटली होती, तेवढीच. बाकी दिवसभर मी घड्याळाकडे बघत होते.

त्या प्रश्नापासून मी पुन्हा पहिल्यापासून शिकले. जेवणाचा वेळ मोकळा करायचा तो देवाजवळ बसण्यासाठी. तो वेळ प्रार्थनेला दिला नाही, तर आपण नुसते उपाशी राहतो. खालच्या सगळ्या पायऱ्या या एका गोष्टीसाठी आहेत.

१. कशासाठी, ते आधी एका ओळीत लिहा

‘सगळे करतात म्हणून’ धरलेला उपास दुपारी बारापर्यंत टिकतो. म्हणून वहीत एकच ओळ लिहा. ‘भावाशी तीन वर्षं अबोला आहे, तो सुटावा.’ ‘नोकरी बदलू की नको, मार्ग दिसावा.’ ‘माझ्या हातून हे पाप घडलं, मला क्षमा हवी.’

पवित्र शास्त्रात उपास करणाऱ्या प्रत्येकाजवळ असं काहीतरी ठोस होतं. यरुशलेमेचा कोट पडलेला आहे हे ऐकून नहेम्या खाली बसून रडला आणि त्यानं उपास केला. एस्तेरनं राजासमोर जाण्याआधी आपल्या लोकांना उपास करायला सांगितलं, कारण सगळ्यांच्या जिवाचा प्रश्न होता. अंत्युखियाच्या मंडळीनं, म्हणजे तिथल्या विश्वासणाऱ्यांनी, बर्णबा आणि शौल यांना कामावर पाठवण्याआधी उपास व प्रार्थना केली (प्रेषितांची कृत्ये १३). मनात कोणतीही मागणी नसेल, फक्त देवाच्या जवळ जायचं असेल, तर तसं लिहा. तेही पुरेसं कारण आहे.

इथला धोका म्हणजे उपासाला सौदा समजणं. ‘मी इतके शुक्रवार धरले, आता माझं काम झालंच पाहिजे’ अशी भाषा मनात यायला लागली की थांबा. यशयाच्या ५८व्या अध्यायात लोक नेमकी हीच तक्रार करतात, की आम्ही उपास करतो आणि तू बघत कसा नाहीस? त्यावर देवानं दिलेलं उत्तर पुढे ८व्या पायरीत येतं.

२. तब्येतीचं आधी बघा, श्रद्धेचं नंतर मोजा

या पायरीवर मी जरा जास्त वेळ घेणार आहे. माझ्या मावशीला मधुमेह आहे. एका प्रार्थना सभेत तिला कुणीतरी सांगितलं, ‘उपासात गोळी घेणं म्हणजे विश्वास कमी.’ तिनं दोन दिवस औषध बंद केलं आणि तिसऱ्या दिवशी तिला दवाखान्यात न्यावं लागलं. सुदैवानं ती सावरली. असं सांगणारं माणूस कितीही मोठ्या आवाजात प्रार्थना करत असो, त्याचं ऐकू नका. औषधानं उपास मोडत नाही.

अन्नाचा उपास यांनी करू नये: गरोदर बाया, अंगावर पाजणाऱ्या आया, लहान मुलं, अशक्त म्हातारी माणसं, आजारातून नुकते उठलेले, आणि ज्यांना पूर्वी खाण्यापिण्याशी संबंधित मानसिक त्रास झाला आहे ते. मधुमेह, रक्तदाब, मूत्रपिंडाचा आजार, अल्सर किंवा फिट्स असतील, तर आधी आपल्या डॉक्टरांना विचारा. इन्सुलिन किंवा साखर कमी करणाऱ्या गोळ्या चालू असताना जेवण चुकवलं तर साखर एकदम खाली येऊ शकते. घाम फुटणं, हात थरथरणं, छातीत धडधड, बोलताना गोंधळ उडणं ही तिची लक्षणं. असं झालं तर त्याच क्षणी साखर खा, उपास तिथंच संपला. यात पाप नाही. वादळात चौदा दिवस न जेवलेल्या जहाजावरच्या माणसांना पौलानं स्वतः सांगितलं होतं की खा, तुमच्या जिवासाठी ते गरजेचं आहे. मग त्यानं भाकर घेऊन सगळ्यांसमोर देवाचे उपकार मानले (प्रेषितांची कृत्ये २७).

ज्यांना अन्न सोडता येत नाही त्यांनी दुसरं काही सोडावं. मोबाइल, मालिका, मटण-मासे, गोड पदार्थ, संध्याकाळचा कट्टा. जे सोडताना मनाला ओढ जाणवते, ते सोडा.

३. किती आणि कोणता उपास, हे ठरवा

पहिल्यांदा एकच जेवण सोडा. दुपारचं. महिनाभर दर आठवड्याला तेवढंच. मग सकाळपासून संध्याकाळपर्यंतचा, पाणी पिऊन. त्यापुढचा पूर्ण २४ तासांचा, म्हणजे आज रात्रीच्या जेवणापासून उद्या रात्रीच्या जेवणापर्यंत. दानीएलासारखाही उपास असतो: त्यानं तीन आठवडे रुचकर अन्न, मांस आणि द्राक्षारस सोडला होता (दानीएल १०). साधं जेवण घेऊन महत्त्वाच्या काळात लांबचा उपास करायचा असेल, तर हा प्रकार नोकरदाराला झेपतो.

चाळीस दिवसांचा निर्जळी किंवा नुसत्या पाण्यावरचा उपास नव्या माणसानं मनातही आणू नये. काही दिवस सलग काहीच न खाता राहणं आणि मग एकदम जेवणं, दोन्ही शरीराला घातक ठरू शकतं.

तुमच्या मंडळीची रीतही विचारून घ्या, कारण पुण्यात सगळ्या परंपरा शेजारीशेजारी नांदतात. कॅथलिकांना राखेचा बुधवार (लेंटचा पहिला दिवस) आणि उत्तम शुक्रवार (येशूच्या क्रुसावरच्या मरणाचा दिवस, गुड फ्रायडे) हे दोन दिवस बंधनकारक आहेत. १८ पूर्ण झाल्यापासून साठावं लागेपर्यंतच्या माणसांनी त्या दिवशी एकदाच पूर्ण जेवायचं. बाकी दोन वेळा थोडंसं, दोन्ही मिळून एका जेवणाइतकं न होणारं. १४ वर्षांपासून पुढे मांसाहार वर्ज्य. मिस्सात, म्हणजे कॅथलिक उपासनेत, पवित्र भाकर घेण्याआधी एक तास काही खायचं नाही, पाणी आणि औषध चालतं. चर्च ऑफ नॉर्थ इंडियाच्या आणि इतर प्रॉटेस्टंट मंडळ्यांमध्ये सक्ती नसते, पण लेंटचे शुक्रवार पुष्कळ घरांत पाळले जातात. सिरियन परंपरेतले केरळी शेजारी बुधवार-शुक्रवार पाळतात, आणि निनवेचा (योनाचा संदेश ऐकून निनवे शहरानं केलेल्या उपासाच्या आठवणीचा) तीन दिवसांचा उपासही करतात. कुणाची रीत खरी, यावर वाद घालायला बसू नका. आपल्या पाळकांना किंवा फादरना विचारून आपली धरा.

४. जवळ काय लागेल

– मराठी पवित्र शास्त्र, छापील. मोबाइलवरचं नको, कारण मोबाइल उघडला की मेसेज उघडतात.
– ‘उपासना संगीत’ किंवा तुमच्या मंडळीचं गीतांचं पुस्तक.
– साधी शंभर पानी वही आणि पेन्सिल.
– पाण्याची बाटली. लेंट नेमका फेब्रुवारी ते एप्रिलच्या दरम्यान येतो, पुण्याचं ऊन तेव्हाच चढत जातं.
– खिशात खडीसाखर किंवा गोळ्या, अचानक चक्कर आली तर.
– रिकामं पाकीट किंवा डबा. कशाला, ते पुढे सांगते.
– एका भरवशाच्या माणसाला माहीत असणं की आज तुमचा उपास आहे. एकट्या खोलीवर राहणाऱ्यांनी हे चुकवू नये.

आणि जागा. पेइंग गेस्ट म्हणून राहणाऱ्यांना हा खरा प्रश्न असतो. गच्ची चालते, सकाळी सहाला बाग चालते. गुरुवार पेठेतलं पंचहौदाचं पवित्र नाम देवालय, क्वार्टर गेटजवळचं सिटी चर्च, कॅम्पातली जुनी चर्चेस, यांपैकी तुमच्या वाटेवरचं कोणतं आठवड्यात कधी उघडं असतं ते आधी विचारून ठेवा. दुपारच्या सुट्टीत रिकाम्या चर्चच्या मागच्या बाकावर मिळालेली वीस मिनिटं मला कधीकधी रविवारच्या दोन तासांपेक्षा जास्त देऊन गेली आहेत.

५. आदल्या दिवसाची तयारी

चहा. पुणेकरांच्या उपासाचा पहिला शत्रू भूक नव्हे, चहा आहे. रोज चार कप पिणाऱ्यानं एकदम बंद केला की कपाळ ठणकायला लागतं, आणि आपण समजतो की भुकेनं डोकं दुखतंय. तीन-चार दिवस आधीपासून एकेक कप कमी करा. नाहीच जमलं तर सकाळी एक कोरा चहा घ्या.

रात्री दाबून जेवू नका. भाकरी, पालेभाजी, वरण-भात, ताक, एवढं पुरे. तिखट-तळलेलं खाल्लं की दुसऱ्या दिवशी पोटात आग पडते. पाणी भरपूर प्या.

दिवस निवडताना कामाचा विचार करा. मशिनवर उभे राहणारे, गाडी चालवणारे, उन्हात फिरणारे यांनी सुट्टीचा दिवस घ्यावा. तुमची सुट्टी गुरुवारी असेल तर गुरुवार धरा. शुक्रवारच हवा असा हट्ट देवानं धरलेला नाही.

६. लोकांना काय सांगायचं

येशूनं मत्तयाच्या ६व्या अध्यायात हे अगदी घरगुती भाषेत सांगितलं आहे: तोंड धुवा, डोक्याला तेल लावा, चेहरा पाडून फिरू नका. म्हणजे आंघोळ करा, केस विंचरा, नेहमीचे कपडे घाला, बसमध्ये नेहमीसारखं बोला. व्हॉट्सअॅपच्या स्टेटसवर ‘उपासाचा तिसरा दिवस’ टाकू नका.

पण लपवण्यासाठी खोटंही बोलू नका. मी सुरुवातीला ऑफिसात ‘पोट बिघडलंय’ सांगायचे, आणि मग प्रार्थनेला बसलं की तेच मनात टोचायचं. आता सरळ म्हणते, ‘आज दुपारी जेवत नाही, तुम्ही बसा.’ बहुतेक कुणी पुढे विचारत नाही. शेजारच्या काकूंनी वाटीभर साबुदाण्याची खिचडी आणली तर ती प्रेमानं घ्या, रात्रीसाठी ठेवा. त्यांच्या एकादशीच्या रीतीवर भाष्य करू नका. त्या त्यांच्या देवाला मनापासून भजतात, तुम्ही तुमच्या.

७. त्या दिवशी प्रार्थना कशी करायची

सकाळी उठल्यावर, मोबाइलला हात लावायच्या आधी, स्तोत्र १०३ मोठ्यानं वाचा. त्यात फक्त उपकार आठवायचे आहेत, मागायचं काही नाही. एक गीत म्हणा. मग वहीतली ती ओळ देवाला वाचून दाखवा.

दुपारची जेवणाची वेळ हा उपासाचा गाभा आहे. जेवणाला लागला असता तेवढा वेळ, अर्धा-पाऊण तास, पूर्ण द्या. स्तोत्र ५१ सावकाश, एकेक ओळ थांबून वाचा. काय चुकलं ते नाव घेऊन कबूल करा. ‘माझ्या सर्व पापांची क्षमा कर’ म्हणणं सोपं असतं. ‘काल मी आईला फोनवर तोडून बोलले’ म्हणणं जड जातं. ते जड वाक्य म्हणा. मग दुसऱ्यांसाठी मागा: घरचे, आजारी माणसं, ज्यांच्याशी पटत नाही ते.

चारच्या सुमाराला, चहाच्या वेळी, दहा मिनिटं. स्तोत्र ६३ घ्या. कोरड्या, निर्जल भूमीत तहानलेल्या जिवाचं ते स्तोत्र आहे. घसा सुकलेला असताना ते वाचलं की शब्द निराळे लागतात.

शब्द सुचत नाहीत, असं नव्या माणसाला हमखास होतं. तेव्हा प्रभूची प्रार्थना घ्या आणि एकेका वाक्यावर थांबा. ‘आमची रोजची भाकर आज आम्हाला दे’ यावर उपाशी पोटी पाच मिनिटं बसून बघा.

आवाज काढता येत नसेल तर हन्नासारखी करा. तिचे फक्त ओठ हलत होते, शब्द ऐकू येत नव्हते, आणि देवानं ते ऐकलं (१ शमुवेल १). मन भरकटलं, विजेचं बिल आठवलं, तर स्वतःवर चिडू नका. बिल वहीत लिहा आणि पैशांच्या काळजीबद्दलच प्रार्थना करा.

आणि भाषा. पाळकसाहेब वेदीवरून ज्या मराठीत बोलतात, ती उसनी घ्यायची गरज नाही. माझी आजी ठेठ नगरी बोलीत, चुलीपुढं बसून देवाशी बोलायची: ‘देवा, पोरीचं तेवढं बघ रं बाबा.’ तिच्यापेक्षा खरी प्रार्थना मी फार कमी ऐकली आहे.

*मंडळीबरोबर उपास-प्रार्थना असेल तर.* बऱ्याच मंडळ्यांमध्ये शुक्रवारी किंवा शनिवारी सकाळपासून दुपारपर्यंत उपास-प्रार्थना असते: गीतं, वचन, साक्षी, मग मध्यस्थीची, म्हणजे दुसऱ्यांसाठी मागायची प्रार्थना. उत्तम शुक्रवारी बारा ते तीन ही तीन तासांची उपासना असते, येशूनं क्रुसावरून काढलेल्या सात उद्गारांवर. वर्षातून एकदा का होईना, सोबतीनं उपास करा. एकट्यानं दुपारी गळून गेलेलं मन शेजारच्याच्या आवाजानं पुन्हा उभं राहतं. आपल्या जवळच्या केडगावात पंडिता रमाबाईंनी १९०५ साली मुक्ती मिशन या आपल्या निराधार स्त्रिया-मुलींच्या आश्रमातल्या मुलींना रोज प्रार्थनेसाठी एकत्र बोलावलं, आणि तिथून सुरू झालेल्या जागृतीची आठवण मराठी मंडळी अजून काढते. दौंडच्या गाडीनं जाऊन ती जागा एकदा बघून या.

मात्र जिथं प्रार्थनेसाठी पैसे ठरवून मागतात, बरं होण्याची किंवा व्हिसाची हमी देतात, औषध बंद करायला सांगतात, तिथून उठून या.

८. वाचलेलं अन्न कुणाच्या ताटात गेलं?

ही पायरी सगळ्यात जास्त विसरली जाते. यशया ५८ मध्ये देव सांगतो की मला आवडणारा उपास असा: भुकेल्याला आपली भाकर वाटून दे, बेघराला घरात घे, उघड्याला वस्त्र दे, आणि आपल्या माणसाला तोंड चुकवू नकोस.

आजीचा एक पत्र्याचा डबा होता, बिस्किटांचा, झाकणावरचं चित्र घासून गेलेला. शुक्रवारी ती दुपारी जेवायची नाही आणि तिच्या वाटच्या दोन भाकरींचं बाजरीचं पीठ मोजून त्या डब्यात टाकायची. मूठ भरून, बोटांनी वरचं सारखं करून, अगदी काटेकोर. महिन्याच्या शेवटी तो डबा वाडीतल्या एका विधवेच्या घरी जायचा. रिकामा झाला की ती बाई स्वतः धुऊन परत आणून द्यायची, कधी त्यात चार शेवग्याच्या शेंगा टाकून. कोण कुणावर उपकार करतंय, असं दोघींच्या तोंडावर कधी दिसलं नाही.

तुमच्या दुपारच्या जेवणाचे, चहा-वडापावचे जेवढे पैसे वाचतील, तेवढे त्याच दिवशी पाकिटात टाका. नंतर टाकू म्हटलं की राहून जातं. महिनाअखेरीला ते मंडळीच्या मदतनिधीत द्या किंवा गरजू माहीत असेल तर थेट द्या, शिधा घेऊन द्या. आणि त्याच दिवशी कामवाल्या मावशींशी, रिक्षावाल्याशी, ज्युनिअरशी चिडून बोलू नका. भूक लागली की जीभ तिखट होते, तिथं जास्त सांभाळावं लागतं.

९. उपास सोडताना

आधी दोन मिनिटं उपकार माना. मग पाणी किंवा ताक, एखादं केळं किंवा खजूर. अर्ध्या तासानं मुगाच्या डाळीची मऊ खिचडी, थोडं तूप. मिसळ, भजी, बिर्याणी दुसऱ्या दिवशी. २४ तासांच्या उपासानंतर मी एकदा थेट झणझणीत मिसळीवर बसले आणि ती रात्र पोट धरून काढली.

जेवल्यावर वही उघडा. किती तास उपाशी राहिलात ते लिहू नका. कुठल्या ओळीपाशी थांबलात, कुणाचं नाव मनात सारखं आलं, कुठे रडू आलं, ते लिहा. ज्याचं नाव सारखं आलं, त्याला दुसऱ्या दिवशी फोन करा.

मधेच उपास मोडला तरी तारीख टाकून लिहा, ‘तीन वाजता मोडला’, आणि पुढच्या आठवड्याचा दिवस त्याखाली लिहून ठेवा.